तारखेने थांबलेल्या खाणी

गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी दोनदा बंद पडल्या. एकदा सप्टेंबर २०१२ मध्ये, पुन्हा मार्च २०१८ मध्ये. पर्यावरणाची वाताहत पाहून न्यायालयाने खाणींना टाळे ठोकले, असे बाहेरच्या माणसाला वाटते. निकालपत्रे वाचायला घेतली की वेगळेच दिसते. नद्या गाळाने भरल्या, विहिरी आटल्या, अभयारण्यांच्या कुशीत उत्खनन चालले, हे सगळे त्यांत आहे. पण निकालाचा खांब त्यावर उभा नाही. तो उभा आहे २२ नोव्हेंबर २००७ या तारखेवर. त्या दिवशी खाणपट्ट्यांची, म्हणजे खनिज काढण्याच्या भाडेपट्ट्यांची, मुदत संपली होती आणि सरकारसकट कोणीही ती संपल्याचे मान्य करायला तयार नव्हते.

हे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते ते याच कारणासाठी. हातात पर्यावरणाचे अर्धा डझन कायदे असताना काम शेवटी भाडेपट्ट्याच्या कायद्याने केले. तसे का झाले आणि त्यामुळे काय राहून गेले, ते पाहू.

सुरुवात पोर्तुगीज अमदानीपासून करावी लागते. १९०६ च्या फर्मानानुसार पोर्तुगीज सरकार खाणींसाठी ‘कन्सेशन’ देत असे, आणि ते कायमचे असे. जमीन दुसऱ्याची असली तरी पोटातले खनिज कन्सेशनवाल्याचे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानकडून मागणी आली आणि डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या पट्ट्यात खाणी फोफावल्या. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, १९६३ पासून भारताचा १९५७ चा खाण आणि खनिज कायदा इथे लागू झाला, पण कन्सेशनवाले आपले कागद कायमचे असल्याचे सांगत राहिले. हा घोळ मिटवायला संसदेने १९८७ मध्ये कायदा केला. २० डिसेंबर १९६१ पासून सगळी कन्सेशन्स रद्द आणि त्याच दिवसापासून त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर. रूपांतरित पट्ट्यांना कायद्याला मंजुरी मिळाल्यापासून सहा महिन्यांची मुदत होती. म्हणजे २२ नोव्हेंबर १९८७. त्यानंतर पहिले नूतनीकरण जास्तीत जास्त २० वर्षांचे. वीस मिळवले की आपली तारीख येते. हे गणित चौथीतल्या मुलालाही जमले असते.

मग खाणी चालू कशा राहिल्या? खाणमालकांनी दुसऱ्या नूतनीकरणाचे अर्ज वेळेत टाकले होते. सरकार अर्जांवर बसून राहिले. खनिज सवलत नियमांत एक कलम होते, २४अ (६): अर्ज वेळेत टाकला आणि सरकारने निर्णयच दिला नाही, तर निर्णय होईपर्यंत पट्टा वाढल्याचे धरायचे. त्या ‘धरायचे’वर गोव्याची अख्खी खाण तोलली गेली होती. पट्टा नाही, पण आहे असे समजा. रॉयल्टी घ्या, वाहतुकीचे परवाने द्या, बार्ज भरा.

आणि हीच ती वर्षे, ज्यांत चीनच्या पोलाद भट्ट्या खनिजासाठी आ वासून बसल्या होत्या. गोव्याची माती तशी हलकी. साठ टक्क्यांहून कमी लोह असलेला भुगा पूर्वी कोणी विकत घेत नसे, तो टाकाऊ म्हणून बाजूला पडायचा. चीनने तोही उचलायला सुरुवात केली. २०१०-११ मध्ये गोव्याच्या बंदरातून, शेजारच्या राज्यांतून आलेले धरून, ५ कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. एक टन खनिज काढायला दोन-तीन टन टाकाऊ माती उपसावी लागते. ती कुठे गेली, हे डिचोली तालुक्यातून एकदा फिरून आले की कोणी सांगावे लागत नाही. डोंगराच्या जागी खड्डा, आणि सपाटीच्या जागी डोंगर.

या काळात पर्यावरण कायदा झोपला होता असे मात्र नाही. उलट त्याचे कागद भराभर फिरत होते. १९९४ च्या, मग २००६ च्या अधिसूचनेनुसार खाणींना पर्यावरण परवाने मिळत होते. गोव्यात पाच अभयारण्ये आणि मोलेचे राष्ट्रीय उद्यान खाणींच्या पट्ट्याला अगदी खेटून आहेत. नेत्रावळी आणि म्हादई ही अभयारण्ये तर १९९९ मध्ये राष्ट्रपती राजवटीत राज्यपालांनी जाहीर केली. निवडून आलेल्या सरकारने ती केली असती का, याचा ज्याने त्याने विचार करावा. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले होते की संरक्षित क्षेत्राच्या १० किलोमीटरच्या आतले प्रकल्प राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीपुढे जायला हवेत. गोव्यातल्या कितीतरी खाणींना ही पायरी न चढताच परवाना मिळाला. खाणींच्या पर्यावरणावरील परिणामांचे अहवाल कसे लिहिले जातात, त्याचा नमुना आपल्या रत्नागिरीतच मिळाला होता. तिथल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीचा मजकूर जसाच्या तसा सापडला. कोकणच्या डोंगरावर रशियातली झाडे.

गावांत काय चालले होते, ते शिरगाव सांगते. लईराई देवीच्या जत्रेमुळे हे गाव गोव्याबाहेरही माहीत आहे. धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, उपवास करून जळत्या निखाऱ्यांवरून चालतात ते हे गाव. खाणी गावाला तीन बाजूंनी भिडल्या आणि भूजलाच्या पातळीखाली गेल्या. खड्ड्यात पाणी साचले की पंपाने उपसायचे, आणि जितके उपसाल तितके आजूबाजूच्या विहिरींतले पाणी खड्ड्याकडे ओढले जाणार. विहिरी आटल्या, कुळागरे म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा सुकल्या, शेतात गाळ आला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने पाहणी केली. विहिरींच्या गावात टँकर येऊ लागला.

आता न्यायालयांकडे वळू. बेकायदा खाणकामाच्या चौकशीसाठी केंद्राने नोव्हेंबर २०१० मध्ये न्यायमूर्ती एम. बी. शहा यांचा आयोग नेमला. त्याआधीपासून गोव्यातले लोक अर्जविनंत्या करत होतेच. विधानसभेच्या लोकलेखा समितीनेही बेकायदा खाणींची चौकशी केली, आणि समितीचे अध्यक्ष होते तेव्हाचे विरोधी पक्षनेते मनोहर पर्रीकर. मार्च २०१२ मध्ये तेच मुख्यमंत्री झाले. ७ सप्टेंबरला शहा आयोगाचा गोव्यावरचा अहवाल संसदेत मांडला गेला. २००६ ते २०११ या काळात राज्याचे सुमारे ३५ हजार कोटींचे नुकसान झाल्याचा त्यात अंदाज होता. या आकड्यावर गोवा सरकारने आक्षेप घेतला. आकडा ज्या गृहीतकांवर बेतला आहे त्यांच्याबद्दल वाद घालता येतो, हे मलाही मान्य आहे. पण अहवाल मांडल्यापासून तीन दिवसांत, १० सप्टेंबरला, सरकारने स्वतःच सगळ्या खाणी स्थगित केल्या. चौदा तारखेला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने परवाने लटकवून ठेवले. गोवा फाउंडेशन ही म्हापशाची संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि ५ ऑक्टोबरला न्यायालयाने उत्खनन व वाहतूक दोन्ही थांबवली.

निकाल आला २१ एप्रिल २०१४ रोजी. न्यायमूर्ती पटनाईक, निज्जर आणि कलिफुल्ला यांचे खंडपीठ. मुख्य प्रश्नाचे उत्तर कोरडे होते. ते ‘वाढल्याचे धरायचे’ कलम दुसऱ्या नूतनीकरणाला लागू होत नाही, कारण दुसरे नूतनीकरण हे सरकारने खनिज विकासाच्या हिताची कारणे लेखी नोंदवूनच करायचे असते. कारणे नोंदवलीच नाहीत, तर मौनातून ती निघणार कुठून? म्हणून २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे गोव्यातले सगळे उत्खनन बेकायदा. जवळजवळ पाच वर्षांचे, आणि तेही सर्वांत भरभराटीच्या पाच वर्षांचे.

याच निकालात पर्यावरणाच्या बाजूने चांगल्या गोष्टी आहेत. पट्ट्याबाहेर टाकाऊ माती टाकायला बंदी. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांच्या एक किलोमीटरच्या आत खाण नाही. तज्ज्ञांच्या सल्ल्याने वर्षाला २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा. उपसून ठेवलेल्या खनिजाचा लिलाव झाला, त्या पैशातून कामगारांना निम्मे वेतन. आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाची गोष्ट, गोवा लोहखनिज कायमनिधी: विक्रीच्या रकमेतले दहा टक्के पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला. डोंगरातले लोखंड हे बँकेतल्या ठेवीसारखे आहे, ते काढून खाल्ले तर मुलांना सांगायला काहीतरी उरले पाहिजे, हा विचार आपल्या न्यायालयाच्या आदेशात इतक्या ठोस आकड्यासह क्वचित येतो.

पण या मर्यादा कोणी पाळायच्या? ज्यांनी आधी पाळल्या नव्हत्या त्यांनीच.

पुढचे नऊ महिने गोव्याच्या प्रशासनाच्या इतिहासात खास आहेत. खाणपट्टे नव्याने कसे द्यायचे ते राज्याने ठरवावे, असे न्यायालयाने म्हटले होते. काही खाणमालकांकडून सरकारने आधीच मुद्रांक शुल्क घेऊन ठेवले होते. ते उच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २०१४ मध्ये त्यांच्या बाजूने आदेश मिळाला. मग सरकारने धोरण आणले आणि ५ नोव्हेंबर २०१४ ते १२ जानेवारी २०१५ या काळात ८८ पट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण करून टाकले. सात वर्षे जे अर्ज हलले नव्हते, ते सव्वादोन महिन्यांत निकाली. घाईचे कारण उघड होते. पट्टे यापुढे लिलावानेच द्यावे लागतील, असा केंद्राचा अध्यादेश येऊ घातला होता. तो निघाला १२ जानेवारी २०१५ लाच. शेवटच्या दिवसापर्यंत सह्या चालू होत्या. मार्चमध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने लटकवलेले जुने परवानेही मोकळे करून दिले. अडीच वर्षांत त्या परवान्यांखालची नदी, विहीर किंवा जंगल बदलले होते का, हे पाहायला कोणी गेले नाही.

खाणी पुन्हा सुरू झाल्या. सत्तरीतल्या सोनशी गावातून खनिजाचे ट्रक एकामागून एक जात. धूळ घरांत, धूळ भातावर, नळाला पाणी नाही. एप्रिल २०१७ मध्ये गावकऱ्यांनी रस्ता अडवला. पंचेचाळीस जणांना अटक होऊन ते तुरुंगात गेले, त्यांत निम्म्याच्या आसपास बायका होत्या. पुढे उच्च न्यायालयाने या धुळीची दखल घेतली, पण तेव्हा आधी कोण आत गेले होते ते विसरता येत नाही. अंमलबजावणी किती चपळ असू शकते, हे सोनशीने दाखवले. फक्त तिचे तोंड गावाकडे होते.

७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायमूर्ती मदन लोकूर आणि दीपक गुप्ता यांनी सगळी ८८ नूतनीकरणे रद्द केली. १५ मार्चपर्यंत आवरायला मुदत दिली, १६ पासून उत्खनन बंद. सरकारच्या घाईवर न्यायालयाने कडक शब्दांत ताशेरे मारले आणि ही घाई खाणमालकांच्या फायद्याची होती असे सुनावले. पुढे पट्टे द्यायचे असतील तर नव्याने, नव्या पर्यावरण परवान्यासह. म्हणजे पुन्हा पट्टाच. लेखी कारणे नसलेले नूतनीकरण, वेळ पाहून केलेली सही.

इथे खाणअवलंबितांचा प्रश्न येतो. पर्यावरणवाल्या लेखांत तो दोन ओळींत उरकला जातो, म्हणून जरा थांबतो. ज्यांच्या शेतात गाळ गेला त्यांतल्याच कित्येकांनी नुकसानभरपाई म्हणून ट्रक घेतला होता. शेत गेले, ट्रकचा हप्ता आला. खाण बंद झाली तेव्हा हप्ता बंद झाला नाही. १९ मार्च २०१८ ला पणजीत ट्रकमालक आणि कामगारांचा मोर्चा निघाला, मांडवीच्या पुलावर वाहतूक खोळंबली, लाठीमार झाला. त्या गर्दीत कुठले गाव खाणीचे बळी आणि कुठले गाव खाणीचे लाभार्थी, हे वेगळे काढता आले नसते. बऱ्याच घरांत दोन्ही एकाच चुलीवर जेवतात. कायदा तोडणारा पट्टाधारक आणि हप्ते भरणारा ट्रकवाला या दोघांना बंदीच्या आदेशाने एकाच मापात तोलले, कारण तारीख माणूस पाहत नाही. पर्यावरण कायदा नीट चालवला असता तर कोणत्या खाणीने काय बिघडवले, हे एकेका खाणीगणिक पाहावे लागले असते. त्यात काही खाणी कदाचित तगल्याही असत्या. तसे पाहण्याची वेळच येऊ दिली नाही.

वसुलीचे काय झाले? तुलनेसाठी ओडिशा घ्यावा. तिथल्या बेकायदा लोहखनिजाबद्दल लोकूर आणि गुप्ता याच दोन न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये निकाल दिला. परवान्यापेक्षा जास्त काढलेल्या खनिजाची शंभर टक्के किंमत वसूल करा, आणि ३१ डिसेंबर २०१७ च्या आत भरा. कंपन्यांनी हजारो कोटी भरले. गोव्याच्या २०१८ च्या निकालात विशेष तपास पथक आणि सनदी लेखापालांच्या चमूने काम लवकर संपवावे, वसुली करावी, असे आहे. तारीख नाही. शहा आयोगाच्या आकड्यासमोर गोव्यात प्रत्यक्ष वसूल झालेली रक्कम किरकोळ आहे. खाण बंद करायला तारीख होती, पैसे भरायला नव्हती.

हवामानाचा धागा या सगळ्यात कुठे आहे, असा प्रश्न मला एका वाचकाने विचारला होता. निकालपत्रांत तो जवळजवळ नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या एका न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये ग्लॉस्टर इथली रॉकी हिल कोळसा खाण नाकारली. खोऱ्यातल्या दृश्याची आणि गावाची हानी हे एक कारण होतेच, पण कोळसा जाळल्यावर होणारे उत्सर्जनही, ते परदेशात झाले तरी, न्यायालयाने हिशेबात धरले. गोव्याचे खनिज चीनच्या भट्टीत कोळशाबरोबर वितळते. तो धूर आपल्या परिणाम-अहवालात शोधून सापडणार नाही.

पण धुरापेक्षा जवळचा संबंध पाण्याचा आहे. मांडवी आणि जुवारीच्या काठची खाजने, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यातून मिळवलेली शेते, भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. बांध आणि मानशी, म्हणजे पाणी अडवणारी दारे, यांच्या जोरावर शतकानुशतके ती कसली गेली. खाणीचा गाळ नदीत उतरला की पात्र उथळ होते, तेच पाणी बांधावर जास्त जोराने येते. समुद्र चढतो आहे, पाऊस थोड्या तासांत कोसळतो आहे. जुलै २०२१ मध्ये सत्तरी-डिचोलीत पूर आला, आणि त्याच महिन्यात सीमेपलीकडे सिंधुदुर्गातल्या कळणे इथे खाणीत साचलेले पाणी बांध फोडून गावात घुसले, चिखलाने बागायती गाडल्या. १९७० च्या पावसाचा अंदाज धरून रचलेला ढिगारा आजच्या पावसात टिकेल का, हा प्रश्न कोणत्या कलमाखाली विचारायचा? मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात म्हटले की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क संविधानाच्या कलम १४ आणि २१ मधून निघतो. त्या खटल्यात प्रश्न वीजवाहिन्यांचा होता. पण बंद खाणीच्या तोंडाशी राहणाऱ्या गावाला हे वाक्य वापरता येईल, असे मला वाटते. अजून कोणी ते गोव्याच्या खड्ड्यांसाठी नेटाने वापरलेले माझ्या पाहण्यात नाही.

२०१८ नंतरची कहाणी थोडक्यात आटोपते. पुनर्विचार याचिका उशिरा दाखल झाल्या म्हणून जुलै २०२१ मध्ये फेटाळल्या गेल्या. २०२२ मध्ये सरकारने जुन्या पट्टाधारकांना जागा सोडायला सांगितले, आणि वर्षअखेरीस पहिल्या चार ब्लॉकांचा लिलाव झाला: डिचोली, शिरगाव-मये, मोंत दे शिरगाव आणि काले. डिचोलीचा ब्लॉक वेदान्त कंपनीला मिळाला, २०२४ मध्ये तिथे काम सुरू झाले. कागद या वेळी स्वच्छ आहेत. पट्टा लिलावाचा, मुदत ५० वर्षांची, पर्यावरण परवाना नवा, जनसुनावणी झालेली.

अडचण नकाशात आहे. सुमारे ४७८ हेक्टरचा हा ब्लॉक आखताना जुन्या पट्ट्यांच्या रेषा जोडून घेतल्या. पोर्तुगीज काळात त्या रेषा आखल्या तेव्हा आत कोण राहते हे पाहण्याची पद्धत नव्हती. आज त्यांच्या आत मुळगावची घरे, देवळे, तळी आणि शेते आहेत. ती पट्ट्यातून वगळा, अशी गावकऱ्यांची मागणी आहे. त्यासाठी ते ग्रामसभांत ठराव करतात आणि पुन्हा ट्रक अडवतात.